आधीपासूनचे आजार

बर्डीवर, चष्म्याच्या दुकानावर दुसरा माळा.
काळबांडेभाऊंच्या कूलरला पाणी कमी, आवाज जास्त.
एप्रिलातच बेचाळीस.
टेबलावर तीन कंपन्यांची तीन पत्रकं,
तिन्हींवर एकच म्हातारं जोडपं
बर्फात हसत उभं.

तीस हजार युरोचं कव्हर तर लागतंच, ते म्हणाले,
त्याखाली वकिलातीत फाइल पुढे सरकत नाही.
पण पन्नास घ्या, सिस्टर. फरक सातशेचा.
दात दुखला तरी पैसे, बॅग हरवली तरी पैसे,
विमान उशिरा आलं तरी.
मी विचारलं, गुडघा दुखला तर?
गुडघा आधीपासूनचा आहे का?

सगळंच आधीपासूनचं आहे, भाऊ.

मग तारखेचं निघालं. पासपोर्टवर एक जून.
ती हेडमास्तरांनी दिलेली,
आमच्या अख्ख्या वर्गाला एकच वाटली होती.
खरी मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची.
आई सांगायची, इतवारीत काळी-पिवळी निघाली होती,
लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत,
आणि ती जाता जाता तुला ठेवून गेली.
काळबांडेंना हे सांगून उपयोग नव्हता.
कंपनीच्या लेखी एक जूनला माझा वयोगट बदलतो
आणि हप्ता दीडपट होतो.
अठ्ठावीस मेला निघा, ते म्हणाले. नवतपाही चुकेल.
एका मेलेल्या हेडमास्तरमुळे
मी लेकीकडे चार दिवस आधी पोचणार.

पुढचा रकाना.
बीपी, शुगर? काहून लिहिता, सिस्टर,
कोण बघायला बसलंय तिथं.
त्यांनी पेनचं टोपण लावूनसुद्धा टाकलं.

मेयोत चौतीस वर्षं केसपेपरवर मी हेच विचारलं.
आधी काही आहे का? लपवू नका.
टिमकीचा एक जण रोजची दारू लपवून
भुलीच्या टेबलावर चढला होता.
त्याची बायको बाहेर बाकावर
संत्र्याच्या साली पदरात गोळा करत बसली होती,
कचरा नको म्हणून.
ते दोन्ही हात अजून दिसतात मला.

टोपण मी काढलं. दोन्ही लिहिले. गुडघाही लिहिला.
आता जिवावर बेतलं तरच पैसे, काळबांडे म्हणाले,
जरा रागावूनच.
चालेल. बारक्यासारक्याला मी कुठे जाते दवाखान्यात.

मग बारीक अक्षरातलं एक कलम,
चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी नेला तेव्हा वाचता आलं.
पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च समाविष्ट.
ते पटकन पान उलटायला गेले.
राहू द्या, म्हटलं, हेच तर बघायचं होतं.
बालाघाटच्या एका बापाला गाडीभाडं जमेना तेव्हा
आम्ही तिघी सिस्टरांनी एकशे साठ रुपये काढले होते,
ड्रायव्हर तरी वीस कमी म्हणून अडून बसला होता.
इथे कुणी अडून बसणार नाही.
घरपोच, इतवारीपर्यंत का विमानतळापर्यंत,
एवढं विचारून ठेवा.

ते पहिल्यांदा हसले. विचारतो, म्हणाले.

शेवटी, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं?
तिथं दुसरं आहे कोण?
लिहिलं: मृण्मयी हेडाऊ, मुलगी, रॉटरडॅम.
परदेशातला लांबलचक नंबर, दोनदा तपासून.

सही करताना लक्षात आलं,
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती कळा देत असेल,
आणि तिचा फोन
माझ्याच पर्समध्ये असणार.
वाजला, तर मीच उचलेन.